बोलतीया की चांगली

आमच्या भागात पक्षाघाताला कुणी पक्षाघात म्हणत नाही. 'वारं गेलं' म्हणतात. अंगावरून वारं गेलं म्हणजे माणूस एका बाजूने पडला. लकवा हाही शब्द आहे, पण तो जरा बाहेर फिरून आलेल्यांचा. फोन येतो तो 'वारं गेलंया, लवकर या' असा, आणि मला जे हवं असतं ते त्यात काहीच नसतं. मी विचारते, शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? उत्तर येतं, "मगाशी." आटपाडी तालुक्यात मगाशी म्हणजे आत्ता पाच मिनिटांपूर्वीपासून काल संध्याकाळपर्यंत काहीही असू शकतं.

मी सरकारी ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. आयुर्वेदाची पदवी आणि वर गाडीवरच्या कामाचं प्रशिक्षण. त्यामुळे शहरातले डॉक्टर मला अर्धी समजतात आणि खेड्यातली माणसं काढा मागतात. गाडीत आम्ही दोघंच असतो, मी आणि चालक. चालकाला आमच्याकडे पायलट म्हणतात. तो माण तालुक्यातला, मीही तिकडचीच. आमची भांडणंसुद्धा दुष्काळी, दोन-चार शब्दांत उरकतात.

माझी पहिली नेमणूक महाबळेश्वरला होती. तिथे पावसाळ्यात समोरचा माणूस दिसत नाही, आणि अशाच एका सकाळी टॅक्सी स्टँडवरून बोलावणं आलं. एक ड्रायव्हर टॅक्सीच्या दाराला टेकून बसला होता, तोंड वाकडं, बोलणं बोबडं, एक पाय चिखलात फरफटलेला. भोवतीचे सगळे हसत होते. "सकाळ सकाळ टाकलीया बघा बाई." त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. मी वाकून वास घेऊन बघितला, एवढंच माझं त्या दिवशीचं शहाणपण. बाकी हसवून बघ, दोन्ही हात उचलायला लाव, एक वाक्य बोलायला सांग, हे आता शाळेतल्या पोरांनाही शिकवतात.

पण या तिन्हींच्या पुढचंही एक बघायचं असतं, ते मला नंतर कळलं. मेंदूची नस बंद पडते ती कधी बारीक असते, कधी मोठी. बारीक असेल तर गुठळी विरघळवण्याचं औषध बऱ्याचदा पुरतं, आणि ते जवळच्या स्कॅन असलेल्या दवाखान्यातही मिळू शकतं. मोठी नस बंद असली की त्या औषधाचा जोर अनेकदा कमी पडतो. मग जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढावी लागते, आणि ते फक्त मोठ्या ठिकाणी होतं. आमच्यासाठी मोठं ठिकाण म्हणजे सांगली-मिरज. म्हणून गाडी कुठे न्यायची हे रोग्याच्या अंगणातच ठरवावं लागतं. स्कॅन नाही, यंत्र नाही, फक्त स्वतःचे डोळे. प्रशिक्षणात मेंदूच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, "तोंड, हात, बोलणं सगळे बघतात. तुम्ही रोग्याची नजर बघा. नजर एकीकडे ओढली असेल आणि दुसरी बाजू त्याच्या हिशेबातच नसेल, तर थांबू नका." तेव्हा मी ते लिहून घेतलं आणि पुढे बरेच दिवस पुरतं समजलं नव्हतं.

समजलं ते एका डाळिंबाच्या बागेशेजारच्या वस्तीवर.

फोन सुनेने केला होता. सकाळची वेळ, बागेत बायका कामाला आलेल्या. सासू त्यांच्याबरोबर बांधावर उभी होती, बोलता बोलता खाली बसली आणि उठेना. बायकांनी उचलून घरी आणलं. सून फोनवर नीट बोलत होती, रडत नव्हती. "चा पिऊन गेल्या तवा चांगल्या हुत्या," म्हणाली. म्हणजे वेळ कळली. मी मनात तिला शाबासकी दिली. असा फोन वर्षातून एखादाच येतो.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात आमच्या आधी एक जीप येऊन लागली होती. मागच्या बाकावर गादी अंथरलेली. जीप बघून पायलट मला हळूच म्हणाला, "बाई, दुसरं वऱ्हाड आलंय." मला लगेच कळलं. सीमेपलीकडे कर्नाटकात एका गावी एक घराणं लकव्याचं औषध देतं. आमच्या तालुक्यातून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं जातात. त्या औषधाचे नियम आहेत. रोग्याला वारं लागू द्यायचं नाही, तोंड झाकून न्यायचं, आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे अंगात सुई गेलेली नसावी. एकदा इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, की त्या औषधाचा गुण येत नाही. माझ्या गाडीत तर सुया सोडून दुसरं आहे काय?

घरात शिरले तर अंधार. खिडक्यांना पोती लावलेली, दार ओढून घेतलेलं. खोलीत पंधरा-वीस माणसं आणि मधोमध खाटेवर एक गाठोडं. घोंगडं, त्यावर चादर, डोक्याला टॉवेल गुंडाळून गाठ मारलेली. नाकाएवढी फट ठेवली होती, हीच मेहेरबानी. मला चेहरा बघायचा होता आणि चेहराच बांधून ठेवलेला. माझं डोकं फिरलं. मी पहिल्यांदा पोती ओढून काढली.

"आवं बाई, वारं लागंल की!" म्हाताऱ्या बायका एकदम ओरडल्या.

"लागू दे. मला दिसू तर दे."

टॉवेल सोडला. पन्नाशी उलटलेली बाई, रापलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे उघडे. आणि लगेच बोलली. "ही कोन आली? ही गाडी कुनासाठी आनली?"

खोलीत सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बोलली! बोलणं थोडं जड होतं, तोंडात मिश्रीची गोळी धरून बोलावं तसं, पण शब्द न् शब्द कळत होता. "मला काय धाड भरलीया?" ती म्हणाली. "बाया बागेत खोळंबल्या आसतील. सोडा मला, चा टाकते."

"बघा," मागून आवाज आला. "बोलतीया की चांगली."

बोलणारे तिचे चुलत दीर होते. घरात तेच थोरले. तिचा नवरा भिंतीला टेकून खाली बसलेला, त्याची उभी हयात गलाईच्या धंद्यात परमुलखात गेलेली. आटपाडी-खानापूरकडचे लोक सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर जातात, तसाच तोही गेला होता आणि आता घरी आला होता. पण घरचे निर्णय कधी त्याने केलेच नव्हते. तो परगावी असताना ते थोरल्याने केले, आणि आता मुलगा परगावी असताना फोनवरून मुलगा करतो. तो माझ्याकडे बघायचा, मग भावाकडे बघायचा आणि खाली बघायचा.

चुलत दिरांनी स्वतःच्या गालावर हात ठेवला. "हे माजं तोंड बघा बाई. असं वाकडं झालं हुतं. पानी पिलं तर खाली सांडायचं. तीन डोसात सरळ. आता बोला."

त्यांचं तोंड वाकडं झालं होतं ते चेहऱ्याच्या नसेमुळे. त्यात हातपाय शाबूत राहतात, डोळा मिटत नाही, कपाळाला त्या बाजूला आठी पडत नाही, आणि पुष्कळ लोक औषध घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी थोड्या आठवड्यांत सुधारतात. तो रोग वेगळा, हा वेगळा. पण ज्याचं तोंड सरळ झालंय त्याला हे कसं पटवणार? ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यावर रागवावं तर तेही धड जमत नव्हतं, आणि म्हणून जास्तच राग येत होता.

मी खाटेपाशी बसले. तिचे डोळे उजवीकडे वळलेले होते. नुसते बघण्यापुरते नव्हे, ओढून लावल्यासारखे. सून उजवीकडे उभी होती, तिच्याशी ती बोलत होती. मी डावीकडे होते, माझ्याकडे तिने अजून एकदाही पाहिलं नव्हतं. 'ही कोन आली' म्हणाली तेसुद्धा उजवीकडे बघून. मी डावीकडून हाक मारली. ती आणखी उजवीकडे वळली आणि तिथे मला शोधू लागली.

ज्येष्ठ डॉक्टरांचं ते वाक्य आता माझ्यासमोर खाटेवर पडलं होतं.

"दोन्ही हात वर करा," म्हटलं. तिने उजवा हात उचलला. "दुसरा?" "केला की." डावा हात घोंगड्याखाली मेल्यासारखा पडला होता. मी तो बाहेर काढला, तिच्या नजरेच्या टप्प्यात धरला, उजवीकडे नेऊन तिच्या तोंडासमोर आणला. "हा हात कुणाचा?"

तिने हाताकडे पाहिलं. बांगड्या पाहिल्या. मग सुनेकडे बघून म्हणाली, "हिचाच आसंल. कायम मधी मधी हात घालती."

सगळी खोली हसली. सासू-सुनेचं असं चालायचंच, बाई शुद्धीवर आहे, थट्टा करतेय, सगळ्यांना बरं वाटलं. भिंतीपाशी बसलेला नवराही हसला. मी त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघत राहिले. ती थट्टा करत नव्हती. तिला खरोखर तो हात सुनेचा वाटत होता. आणि खोलीत हे माझ्याशिवाय आणखी एकाच माणसाला कळलं होतं, ती सून. ती हसली नाही. तिने स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घेतले.

हाच या रोगाचा डाव आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला घाव बसला की वाचा जाते, माणसं घाबरतात आणि धावतात. उजव्या बाजूची मोठी नस बंद झाली की वाचा बऱ्याचदा राहते, पण आपल्याला काही झालंय हे कळण्याची जागाच बंद पडते. अर्धं अंग गेलेलं असतं आणि माणूस म्हणतो, मी ठणठणीत आहे. मग घरचे कुणाचं ऐकणार, माझं की तिचं?

साखर कमी झाली तरी अशी लक्षणं दिसू शकतात, म्हणून थेंबभर रक्त बघणं भाग होतं. मी डाव्या हाताचं बोट धरलं आणि टोचलं. तिला कळलंसुद्धा नाही, ती सुनेला बायकांच्या भाकरीचं सांगत होती. पण चुलत दिरांनी पाहिलं.

"सुई! सुई घातली हिनं!"

"घातली नाही, एक थेंब काढला," मी म्हटलं.

मग त्यावर वाद. काढणं आणि घालणं एकच की वेगळं? एक जण म्हणाला, आत औषध गेलं नाही तर चालतंय. दुसरा म्हणाला, लोखंड लागलं की संपलं. जीपवाल्याला विचारलं, तो नेहमी रोगी घेऊन जाणारा. त्याने विचार करून निवाडा दिला, की बोटाला चालंल, दंडाला न्हाई. साखर ठीक होती. रक्तदाब चढलेला होता, पण आम्ही तो वाटेत घाईने उतरवत नाही. तिला काही पाजू नका म्हणून सांगितलं, तर एकीने आधीच घोटभर चहा पाजला होता. थोडा डाव्या गालातून उशीवर सांडलेला दिसत होता.

"यांची मोठी नस बंद झालीय," मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "यांना आत्ता सांगलीला न्यायला पाहिजे. आत्ता. जेवढा वेळ जाईल तेवढा मेंदू मरत जातो, आणि मेलेला परत येत नाही."

"मी कुटं जात न्हाई," खाटेवरून ती म्हणाली. "मला काय झालेलं न्हाई."

"ऐकलंसा?" चुलत दीर म्हणाले. ते गुरगुरत नव्हते, समजावत होते. "आवं बाई, तुमी तुमचं काम केलंसा. पर मानूस सोताच न्हाई म्हनतोय."

मी नवऱ्याकडे वळले. "तुम्ही सांगा."

त्याने भावाकडे पाहिलं. "पोराला इचारू," म्हणाला.

पोरगा दक्षिणेत, तिकडच्या एका गावात, वडलांचीच भट्टी चालवत होता. फोन लागला, तो गिऱ्हाइकाबरोबर होता, परत करतो म्हणाला. आम्ही वाट बघितली. त्या वाट बघण्याबद्दल मला आजही शांतपणे लिहिता येत नाही. बाहेर गाडी उभी, पायलट दार उघडं ठेवून उभा, स्ट्रेचर उंबऱ्यात, आणि आत चहा आला. मलाही दिला. मी कप जमिनीवर ठेवला तर एक म्हातारी म्हणाली, "घ्या की, गार हुईल." त्या घरात कुणीही वाईट नव्हतं. सगळे तिच्यासाठीच जमले होते, तिच्यासाठीच काम टाकून आले होते, आणि सगळे मिळून तिला हातातून घालवत होते.

शेवटी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. चुलत दिरांनी फोन घेतला आणि खाटेच्या उजव्या अंगाला उभे राहिले. दुसरीकडे कशाला उभे राहतील? सगळे तिकडेच उभे होते, कारण ती तिकडेच बघत होती.

"आई, कशी हाईस?"

"मला काय झालंय?" तिचा चेहरा खुलला. "तुजं जेवान झालं का? आवाज का बसलाय तुजा? ताक पीत जाऊ नगंस म्हनलं हुतं न्हवं का."

मुलगा हसला. डोळे पुसले त्याने, मला दिसलं. "आगं, मी घाबरलो की गं. बोलतीयास की चांगली." मग चुलत्याला म्हणाला, "काका, बोलतीया. माज्याकडं बघतीया. उगं दवाखान्यात नेऊन हाल करू नगा. तुमी म्हनताय तसं औषध देऊन आना. मी उद्या निगतो."

चुलत दिरांनी माझ्याकडे पाहिलं. जीपवाला बाहेर गाडीकडे वळला.

मी फोन त्यांच्या हातातून घेतला. मागितला नाही, घेतला. असं करायचं नसतं हे मला माहीत आहे, तक्रार झाली असती तर नोकरीवर आलं असतं. मी फोन घेऊन खाटेला वळसा घातला, डावीकडे गेले, तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरला.

"आता बोला आईंशी," मुलाला म्हटलं.

"आई?"

ती उजवीकडे बघत होती. चुलत दिरांच्या रिकाम्या हाताकडे. "कट केला वाटतं त्येनं," ती म्हणाली. "कायम घाईत."

"आई, हितं हाय की मी. हिकडं बघ."

आवाज ऐकून ती हलली. आणखी उजवीकडे वळली, भिंतीकडे, सुनेच्या मागे, दाराकडे. "कुटनं बोलतोय ह्यो?" ती म्हणाली. "आला का काय घरी?"

"आई. आगं आई. हिकडं."

त्याला आता तिचा डावा गाल दिसत होता, खाली ओघळलेला, आणि कान, आणि त्याच्यापासून दूर दूर वळत चाललेलं डोकं. त्याने आणखी दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्याचा आवाज फुटला. खोलीत आता कुणीही हसत नव्हतं. नवरा भिंतीपासून उठून उभा राहिला होता.

"काका," फोनमधून आवाज आला. "जीप माघारी लावा."

मी नियंत्रण कक्षाला कळवलं. नियम जवळच्या रुग्णालयात नेण्याचा आहे, पण तिथे स्कॅन नाही, आणि नजर वळलेली आहे, हात ओळखत नाहीत, एवढं सांगितल्यावर पलीकडच्या डॉक्टरांनी सांगलीला हो म्हटलं आणि रुग्णालयाला आधी कळवलं. उचलताना चुलत दिरांनीच पायाकडची बाजू धरली. घोंगडं मात्र त्यांनी गाडीत टाकलं. असू दे म्हटलं.

गाडीत सून बसली. मी सुई घातली, उजव्या दंडात, आता कुणी अडवलं नाही. भिवघाटापर्यंत सासू बोलत होती. बागेत कोणत्या ओळीला पाणी राहिलंय, कोणत्या बाईला लवकर सोडायचंय, सगळं तिच्या लक्षात होतं. सुनेने तिचा तो डावा हात धरला होता. तो छातीवर होता, रस्त्याच्या हिसक्याने घसरत होता.

"तुजा हात काड गं," सासू म्हणाली. "जड लागतोय."

सून माझ्याकडे बघू लागली. काय सांगायचं? मी मानेनेच 'हो म्हण' असं सुचवलं.

"काडते, आत्या," ती म्हणाली, आणि तो हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. तो तिने सांगलीपर्यंत तसाच धरून ठेवला.

तासगावच्या अलीकडे बोलणं कमी झालं. मग हाक मारली तरच हूं करायची. मग उलटी झाली, मी तिला कुशीवर केलं, घसा साफ केला. पायलटला मागे काय चाललंय ते आरशात दिसत होतं. त्याने एकही शब्द न बोलता गाडी आणखी पळवली. मोठ्या रुग्णालयात दारातच माणसं तयार होती. त्यांनी तिला सरळ स्कॅनला नेलं आणि आमचं काम संपलं. सुनेने माझा नंबर मागितला. मी दिला, तसा मी कुणाला देत नाही.

गुठळी निघाली. संध्याकाळी सुनेचा फोन आला, नस उघडली म्हणाली, तेव्हा मी आणि पायलटने हायवेच्या एका टपरीवर भजी खाल्ली. इतका आनंद झाला होता. पण नस उघडली तोवर त्या नसेवर जगणारा मेंदूचा बराच भाग मेलेला होता. पुढचे दोन दिवस मेंदूला सूज चढत गेली. त्याच आठवड्यात ती गेली.

मी रागावलेली होते. कुणावर ते नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांवर होते. पायलट म्हणाला, "बाई, तुमच्यापाशी बसलं की पेट घ्यायची भीती वाटतीया." मनात मी त्या मुलाला कितीतरी वेळा झाडून काढलं. चार वाक्यं तयार होती. आई बोलते यावर काय ठरवतोस? बघायला तिथे माणूस होतं ना?

तेरावं झाल्यावर त्याचा फोन आला. आवाज व्हिडिओतल्यापेक्षा म्हातारा वाटला. आधी गाडीचे, माझे, पायलटचे आभार मानले.

"डॉक्टर बाई, एक इचारतो. खरं सांगा. मी लगीच व्हय म्हनलो आसतो, त्या जीपच्या भानगडीत वेळ गेला नसता, तर आई वाचली आसती का?"

माझी ती चार वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. पण खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही. "वाचल्या असत्याच असं कुणी सांगू शकत नाही," मी म्हटलं. "पण संधी जास्त होती. वेळ गेला, हे खरं आहे."

तो रडेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंसा. हितं समदी म्हनत्यात, तिची वेळ भरली हुती. मला ते पटंना. आन् मला कुनी काय म्हनत बी न्हाई."

फोनवर मागे घरातल्या बायकांचे आवाज येत होते, भांडी वाजत होती.

"आनि एक," तो म्हणाला. "तिला कळलं हुतं का? काय झालंय ते?"

"नाही."

"शेवटपातूर?"

"शेवटपर्यंत नाही. गाडीतसुद्धा बागेच्या पाण्याचं सांगत होत्या. आपल्याला कुणीतरी उगाच धरून नेतंय, एवढंच त्यांना वाटत होतं."

"म्हंजे भ्याली नसंल ती."

"नाही," मी म्हटलं. "त्या अजिबात भ्याल्या नाहीत."

मग म्हणाला, "मी हाक मारत हुतो तवा मातर भ्यालो, बाई. लय भ्यालो," आणि त्याला पुढे बोलता येईना, म्हणून फोन त्याच्या बायकोने, त्या सुनेनेच, घेतला आणि मला जेवलात का विचारलं.